भूतानातले रविवार

आमच्याकडं डोंगर हौसेनं कुणी चढत नाही. शेरडं चुकली तर चढायचा, नाहीतर देवाला काही बोललेलं असेल तर चढायचा. मिरजगावच्या आसपास तर डोंगर म्हणावा असा डोंगरच नाही. माळ आहे, आणि माळ बघायला वर जावं लागत नाही. म्हणून मी सांगतो की मी बारा वर्षांचा असताना आमचं अख्खं घर दर रविवारी डोंगर चढायला निघायचं, आणि तेही भूतानात, तेव्हा स्टँडाजवळच्या हाटेलात बसणारी माझ्या वयाची माणसं एकमेकांकडं बघतात. त्यातला एक म्हणतो, "तात्या, चढल्यालं आमाला पाठ हाय. वर जाऊन काय खाल्लं तेवढं सांगा." मग मी सांगतो आणि ते परत हसतात. घरी माझी बायको हसत नसे. चाळीस-बेचाळीस वर्षं तिनं हेच ऐकलं, भाकरी थापता थापता. मी कुठं काही गाळलं तर आठवण करून द्यायची, म्हातारीच्या घराचा जिना राहिला, नाहीतर त्या पिवळ्या फळांचं राहिलं. ती गेल्याला आता वर्ष होईल. आठवण करून देणारं कुणी नाही, म्हणून लिहून ठेवतोय. माझं शिक्षण चौथी. पाचवीचं पुस्तक हातात पडलं आणि आप्पांनी आम्हाला रेल्वेत बसवलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. विहिरींना सुरुंग लावण्यात आमच्या भागात त्यांचा हात धरणारा नव्हता. कातळाला कान लावून सांगायचे, पहार कुठं बसंल. एका ठेकेदारानं त्यांना भूतानात रस्त्याच्या कामावर नेलं. तिकडं डोंगर फोडून रस्ता चालला होता आणि दारू भरणारी जाणती माणसं कमी होती. पहिलं वर्ष ते एकटेच गेले. मग सुट्टीवर आले त्याच उन्हाळ्यात आमचा बाळ्या वारला. दहा महिन्यांचा होता. ताप आला आणि गेला. माझी आजी म्हणाली, बायका-पोरं हितंच राहू द्या. आप्पा म्हणाले, हिला ह्या घरात ठेवून मी जात नाही. आजीपुढं त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. रेल्वेत किती दिवस बसलो ते ध्यानात नाही. शेवटी ट्रकच्या हौद्यात सिमेंटच्या गोण्यांवर बसून वर गेलो, आणि माझी धाकटी बहीण सुली वाटभर ओकत होती, हे ध्यानात आहे.

कॅम्प म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची रांग. खाली नदी, वर ढग, मधे आम्ही. नदीचा आवाज कधीच थांबायचा नाही. पहिले आठ दिवस मला वाटायचं कुठंतरी चक्की चालू आहे. दुपारी तीन शिट्ट्या व्हायच्या, मग सुरुंग उडायचा, आणि समोरचा डोंगर तोच आवाज परत करायचा. सुली दर वेळी कान झाकायची, पण एकदाच झाकून हात काढायची आणि दुसऱ्या आवाजाला फसायची. माणसं बिहारकडची, नेपाळकडची. मराठी घर आमचं एकटं. आप्पांना कामापुरती हिंदी यायची, आम्हा पोरांना महिन्याभरात नेपाळी शिव्या आल्या. आईला काहीच येत नव्हतं. नळावर बायका जमायच्या, हसायच्या, आई घागर भरेपर्यंत उभी राहायची आणि परत यायची. दिवसात तिच्या तोंडून वीसेक शब्द निघत असतील, तेही आमच्याशी. चूल पेटत नाही, लाकडं वली हायेत, सुली वेणी घालून घे. एवढंच. बाळ्याचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. आज मी ह्या घरात एकटा असतो, टीव्ही लावून ठेवतो, तेव्हा मला कळतं की न बोलता दिवस कसा जातो. तेव्हा वाटायचं, आई थोडी रागीट झालीय.

आई वाळत चालली. तशी ती धिप्पाड बाई, पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेणारी. तिकडं तीन महिन्यांत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. उठून उभी राहिली की भिंत धरायची. एक दिवस नळावर पडली. बायकांनी उचलून आणली. कॅम्पाच्या कंपौंडरनं लाल औषधाची बाटली दिली आणि बाईला नीट जेवायला घाला म्हणाला. दुसऱ्यांदा पडली तेव्हा साहेबानं आप्पांना बोलावून सांगितलं, ह्यापुढं बाई पडली तर येणाऱ्या ट्रकमधून तिला आणि पोरांना देशाला लावून देईन, इथं कुणी मेलेलं मला नको. आप्पांचा करार पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा होता, त्यांना सुटता येत नव्हतं. म्हणजे आई जाणार ती त्याच घरात, त्याच खोलीत, आजीच्या हाताखाली, आणि नवऱ्याशिवाय. आप्पा घरी येऊन उंबऱ्यावर बसले. त्यांना एवढंच समजलं की हिच्या घशाखाली इथलं अन्न उतरत नाही. आम्ही आणलेल्या बाजरीला बुरशी आली होती, आता ती कुत्रीही खात नव्हती. आप्पा मला म्हणाले, "आपून हुडकायचं. ह्या डोंगरात कायतरी आसंल की जे तिला जाईल."

असे आमचे रविवार सुरू झाले. रविवारी ड्रिल बंद. सकाळी आठाला निघायचं, आप्पा पुढं हातात काठी, मग आई, मग सुली, शेवटी मी आणि माझ्या पाठीवर पिशवी. कधीमधी धनमान सोबत यायचा. तो आप्पांच्या ड्रिलचा जोडीदार, नेपाळी माणूस, सदा तोंडात काहीतरी चघळणारा. कुठल्या रानात काय उगवतं, कुठल्या घरात काय शिजतं, सगळं त्याला ठावं. कॅम्पातले लोक आम्हाला हसायचे. सहा दिवस डोंगर फोडून सातव्या दिवशी हा माणूस बायको घेऊन डोंगर चढतो म्हणून. चढ असा की पुढच्याची टाच आपल्या नाकासमोर. देवदारासारखी झाडं, त्यांना लोंबणारं शेवाळ, आणि एवढी हिरवळ की मला भीती वाटायची. आमच्याकडं हिरवं म्हणजे कुणीतरी पाणी दिलेलं असतं. तिथं कुणीच दिलेलं नव्हतं. आईला चढताना दम लागायचा. ती दर पन्नास पावलांवर थांबायची, आणि आप्पा ती थांबली म्हणून थांबलो असं न दाखवता काठीनं दगड टोकरत उभे राहायचे.

काय काय खाल्लं ते सांगतो. नेच्याची कोवळी शेंडं, गोगलगाईसारखी गुंडाळलेली, त्याला धनमान निंगरो म्हणायचा. ती तेलात परतली की आपल्या शेवग्याच्या शेंगेसारखी बुळबुळीत गोड लागायची. तांबडा भात, चिकट. फापर म्हणून एक काळपट पीठ, त्याची धिरडी. याकाच्या दुधाचा वाळवलेला खडा, छुर्पी. तो चावायचा नाही, गालात ठेवून द्यायचा, सकाळी ठेवला की दुपारी मऊ पडतो. मी आणि सुली कुणाचा जास्त टिकतो म्हणून पैज लावायचो आणि तोंड उघडून एकमेकांना दाखवायचो. आणि मिरच्या. तिकडं मिरची भाजीला घालत नाहीत, मिरचीचीच भाजी करतात, ओंजळभर हिरव्या मिरच्या आणि वर वितळलेलं चीज. आप्पांनी पहिला घास घेतला, नाक पुसलं आणि म्हणाले, हे लोक आपल्याच भावकीतले असणार. ठेच्यावर वाढलेल्या माणसाला ते अन्न परकं वाटलंच नाही. पण आईनं बोट लावलं नाही. निंगरोला लावलं नाही. फापराच्या धिरड्याचा तुकडा मोडून हातात धरला, आणि आमची पाठ फिरली तेव्हा तो तिनं सुलीच्या हातात दिला. तिनं खाल्लं ते एकच, काट्याच्या झुडपावरची पिवळी फळं, रास्पबेरीसारखी, ओंजळ ओंजळ खाल्ली. आप्पांना एवढा आनंद झाला की पुढचे दोन रविवार आम्ही फक्त ती फळं शोधत फिरलो. हात ओरबाडून घेतले. मग त्यांचा हंगाम संपला.

आता मागं वळून बघतो तेव्हा वाटतं, आम्ही तिघं आंधळे होतो. घरात आई शेवटी जेवायची. बायांनी मागनं जेवायचं, हा आमचा रिवाज भूतानातही चालू होता. एका खोलीत चार माणसं, तरी आम्ही तिघं जेवून बाहेर जायचो आणि मग ती चुलीकडं तोंड करून बसायची. तिच्या ताटात काय आहे ते कधी कुणी बघितलं नाही. कालवण एक दिवस मिठानं तोंडात धरवत नसे, एक दिवस मिळमिळीत. आप्पा गुमान खायचे. आईच्या हाताची चव गेली, असं मी एकदा सुलीला म्हणालो आणि आप्पांनी माझ्या टाळक्यात मारली.

मग तो रविवार. धनमान म्हणाला, वरच्या खिंडीखाली एक म्हातारी राहते, तिच्याकडचं लोणी आणि चहा आजाऱ्याला उभं करतात. तो तिला आंगे म्हणायचा, म्हणजे आजी. आम्हाला चढायला चार तास लागले. आई दोनदा खाली बसली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा आप्पांनी तिला उचलून घ्यायला हात पुढं केला, आणि तिनं पोरांसमोर नको म्हणून तो ढकलून दिला आणि उठली. खिंडीत दोऱ्यांवर रंगीत फडकी बांधलेली होती, सारखी फडफडायची. त्याखाली मातीच्या भिंतींचं दुमजली घर, खाली गायी, वर माणसं, आणि वर जायला एकाच जाड ओंडक्याला खाचा पाडून केलेला जिना. आंगे दारात उभी होती. केस भादरलेले, ओठ पान खाऊन लाल, आणि आम्हाला बघून हसली ती जणू आमचीच वाट बघत होती. धनमाननं तिला आईकडं हात करून काही सांगितलं. म्हातारीनं आईच्या गालांना दोन्ही हात लावून बघितलं, आमच्याकडच्या बाया आजारी लेकीला बघतात तसं, आणि चुलीजवळ नेऊन बसवलं.

तिनं लांब लाकडी नळकांड्यात दांडा घालून चहा घुसळला, आपण ताक घुसळतो तसा. लाकडी वाट्यांत ओतला. रंग आपल्या दुधाच्या चहाचा, वर लोण्याचे डोळे. आम्ही सगळ्यांनी एकदमच तोंडाला लावला. सुलीनं फुर्रकन बाहेर टाकला आणि म्हणाली, "आई, ह्या चहात मीठ हाय." आप्पांचाही चेहरा वाकडा झाला, पण ते अन्न टाकणारे नव्हते. डोळे मिटून त्यांनी वाटी रिकामी केली. आता त्यांना काय माहीत की तिकडं रिकामी वाटी म्हणजे अजून द्या. आंगेनं लगेच भरली. आप्पांनी परत पाहुणचाराचा मान ठेवून रिकामी केली. तिनं परत भरली. अशा पाच वाट्या झाल्या. म्हातारी खूश, धनमान भिंतीला टेकून पोट धरून हसतोय, आणि आप्पा घामाघूम. मीही हसलो. मग माझं लक्ष आईकडं गेलं. तिनं एक मोठा घोट गिळला होता. वाटी दोन्ही हातांत धरून ती बसली होती आणि तिचं तोंड अर्धवट उघडं होतं, काहीतरी आत गेलेलं परत बाहेर येईल म्हणून ठेवल्यासारखं. आंगेनं तिचीही वाटी काठोकाठ भरली. आईनं ती खाली ठेवली, उठली आणि त्या ओंडक्यावरून उलटी उतरून बाहेर गेली.

आप्पांना वाटलं ओकारी झाली. ते मागं गेले. मी जिन्याच्या तोंडाशी आलो. ती खाली गोठ्याच्या कुडाला धरून उभी होती. ओकत नव्हती. बोटं घशात घालून ओकायचा प्रयत्न करत होती. आप्पांनी तिचा हात धरला.

"हे काय करतीस?"

ती म्हणाली, "मी मीठ सोडलंय."

"कवापास्नं?"

"बाळ्या गेल्यापास्नं."

आमच्यात माणूस गेलं की त्याच्या नावानं काही सोडतात, गोड सोडतात, एखादी भाजी सोडतात. मीठ कुणी सोडत नाही. मिठाशिवाय कष्टाचं माणूस टिकत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. आई खाली बघूनच सांगत होती. बाळ्याला ताप भरला तेव्हा ती दोन दिवस मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढत बसली. उतरवायची आणि चुलीत टाकायची, तडतड वाजलं की म्हणायची, बघा लई वाईट नजर होती. तिसऱ्या दिवशी नगरच्या गाडीत बसली तेव्हा त्याचं अंग गार पडत आलं होतं. ती म्हणाली, "ज्या मिठाच्या नादी लागून पोर घालवलं, ते माझ्या तोंडात कशाला? कालवनातलं माझं आदीच काढून ठिवती. आन् आज चहात..."

आप्पा तिला समजावतील असं मला वाटलं. मीठ खा म्हणतील, पोरांची शपथ घालतील. त्यांनी तसं काही केलं नाही. ते म्हणाले, "दृष्ट काढ म्हनून मीच म्हनलं हुतं तुला. आठवतंय का? गाडीला जाऊ म्हनलीस तवा मी म्हनलं, आजच्या दिस दृष्ट काढून बग." मग म्हणाले, "मला सांगायचं हुतंस. मी बी सोडलं असतं."

आणि त्यांनी सोडलं. बोलायचं म्हणून नव्हे. खाली उतरताना धनमाननं फोडी करून दिलेल्या काकडीला त्यांनी मीठ लावू दिलं नाही. त्या संध्याकाळी आईनं तिचं वाटीभर आळणी कालवण बाजूला काढलं तर त्यातलंच अर्धं त्यांनी आपल्या ताटात ओतून घेतलं. आई म्हणाली, असं नका करू. ते म्हणाले, "पोरगं दोघांचं हुतं." सोमवार गेला, मंगळवार गेला. दिवसभर कड्यावर दोराला लटकून ड्रिल मारणारा माणूस, त्याच्या बनियनवर घामाचे पांढरे पट्टे उठायचे, ते आई रोज धुवायची. तिला माहीत होतं अंगातून काय जातंय. मंगळवारी ती दिवसभर दारात बसून होती. सुरुंगाच्या शिट्ट्या झाल्या की उठून उभी राहायची आणि समोरच्या डोंगराचा दुसरा आवाज येऊन गेल्यावर बसायची.

बुधवारी दुपारी धनमाननं आप्पांना पाठीवर घालून आणलं. कड्यावर असतानाच दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, पाय सुटला, दोर होता म्हणून राहिले. खरचटलं होतं, बाकी काही नाही. बाजेवर टाकलं तेव्हा त्यांचे पाय आपोआप वर ओढले जात होते आणि आई ते दाबून धरत होती. तेच गोळे, जे तिला यायचे. धनमान विचारत होता काय झालं, काय खाल्लं. आम्हाला सांगता येत नव्हतं. तो गेला. आईनं मला चूल पेटवायला लावली. तांबडा भात टाकला, मिरच्यांचं कालवण केलं. आणि मीठ घातलं. भांड्यातून बाजूला काही काढलं नाही. चमचाभर कालवण हातावर घेऊन तिनं ते चाटून बघितलं, कितीतरी महिन्यांनी. तिचे डोळे भरले होते, पण मिरच्या होत्या, त्यामुळं मी काही सांगू शकत नाही.

तिनं आप्पांपुढं ताट ठेवलं आणि रोजच्यासारखी बाजूला सरकली. आप्पा उठून बसले. जेवेनात.

आई म्हणाली, "घातलंय मीठ. जेवा."

"तू?"

"तुमी आदी."

"न्हाई," आप्पा म्हणाले. "बरोबर."

आम्हा पोरांना त्यांनी बाहेर जायला सांगितलं. आम्ही गेलो, पण दाराला फट होती. दोघं एका ताटात जेवत होते, समोरासमोर, न बोलता. आमच्या घराण्यात नवरा-बायकोला लग्नाच्या दिवसानंतर असं जेवताना कुणी बघितलं नसेल. त्यानंतर आई पडली नाही. आम्ही करार संपेपर्यंत चौघंही तिथंच राहिलो आणि रविवारी हिंडत राहिलो. आंगेकडं तीनदा गेलो, आणि तिच्या वाट्या कशा चुकवायच्या ते आप्पा शिकले, शेवटचा घोट तसाच ठेवायचा. सुली आता श्रीरामपूरला असते, तिलाही नातवंडं झाली. तिला चढ-उतार आठवतात, छुर्पीची पैज आठवते. फटीतून बघितलेलं आठवत नाही म्हणते.

हे सगळं मी माझ्या बायकोला किती वेळा सांगितलं असेल. ती ऐकायची, आणि मी जेवून उठलो की मग तिचं पान घ्यायची. आम्ही काही भूतानात नव्हतो. मला तेव्हा त्यात वावगं दिसलं नाही, आपला रिवाज आहे, एवढंच. मी हातात वर्तमानपत्र घेऊन बाहेर बसायचो. गेल्या साली तिच्या तेराव्याला घरात पुरणाचा स्वयंपाक होता. नैवेद्याचं पान वाढताना तिची धाकटी बहीण पुरणपोळी घेऊन आलेल्या सुनेचा हात धरून म्हणाली, तिच्या पानात पुरण नको वाढू, अक्कानं सोडलं हुतं. कधीपासून म्हणून कुणीतरी विचारलं. ती म्हणाली, दाजींच्या हार्टच्या आपरेशनपास्नं, अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं तिनं पाट्यावर पुरण वाटलं, मला चार-चार पोळ्या दुधात कुस्करून दिल्या, आणि मी खाऊन आडवा झालो. मग ती माझ्याकडं वळली.

"दाजी, तुमाला ठावं न्हवतं व्हय?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"ठावं हाय की," मी म्हणालो.